उठलेल्या माणसावर गोल नाय

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दोन तरुण प्राध्यापक तावातावाने भांडत होते. मला वाटलं, वेळापत्रकावरून असेल. पण नाही. व्हिडिओ गेम खेळायचं नवं मशीन बाजारात आलंय, ते घ्यावं की जुन्यावरच भागवावं, यावरून दोघांची जुंपली होती. एक म्हणत होता, नव्यात चित्र काय स्वच्छ दिसतं! दुसरा म्हणत होता, आधीचंच अजून धड वापरून झालेलं नाही. मी मध्ये तोंड घातलं तेव्हा दोघांनी माझ्या पिकल्या मिशांकडे बघितलं आणि ‘सर, तुम्ही चहा घ्या’ म्हणून मला वाटेला लावलं. मी चहा घेतला. पण तेवढ्यात माझं मन पेणहून उठून रोह्याला जाऊन बसलं होतं, सत्तारचाचांच्या हिरव्या सोफ्यावर. या विषयावर बोलायचा अधिकार माझ्या माहितीत एकाच माणसाला होता, आणि तो माणूस आता नाही.

मी रोह्याच्या कॉलेजात शिकवायला होतो तेव्हा आठवडाभर तिथेच राहायचो आणि शनिवारी पेणला घरी यायचो. चाचांच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला होता. घर आखातातल्या कमाईचं. बाहेरून गुलाबी टाइल्स, जिन्याला चकचकीत स्टीलचा कठडा, खाली ऐसपैस हॉल, मागे खोल्यांमागून खोल्या, आणि एवढ्या सगळ्यात राहणारा माणूस एक. चाचांनी उभं आयुष्य कुवेतला काढून बायकोसाठी हे घर बांधलं, आणि ते परत आल्यावर थोड्याच दिवसांत ती गेली. मुलगा इम्रान तिकडेच नोकरीला, बायकापोरांसह. मागच्या आळीत विधवा बहीण खतीजा राहायची, ती दोन वेळचा डबा पाठवायची.

खोली बघायला गेलो तो शुक्रवार होता. दार उघडंच. आत मेंदीने लाल केलेली दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, खाली लुंगी अशा वेशातला एक म्हातारा टीव्हीवर ओरडत होता, “पास दे! अरे पास दे ना, एकट्यानं काय खातोस!” म्हातारा टीव्हीवरच्या खेळाडूंना दम देतोय असं समजून मी दारात घुटमळलो. मग त्यांच्या हातातलं ते दोन मुठींचं यंत्र दिसलं. चाचा त्याला रिमोट म्हणत. शेजारी कंपनीच्या गणवेशातला एक माणूस तसलाच रिमोट धरून घामाघूम झाला होता.

“बसा सर,” चाचा वर न बघता म्हणाले. “हाफ टाइमला बोलू.”

हाफ टाइमला भाडं ठरलं, आणि दुसऱ्या हाफला माझ्या हातात रिमोट आला. माझ्याच गोलात मी चेंडू घातला. चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. “सर, तुमी वरची खोली घ्याच,” ते म्हणाले. “असा मानूस मला पायजेच होता.”

साठी उलटलेल्या माणसाला हे वेड लागलं कुठून, हे मला हळूहळू कळलं. कुवेतला कंपनीच्या कॅम्पात एका खोलीत दुमजली खाटांवर आठ जण राहायचे. केरळचे, फिलिपिन्सचे, एक पठाण, एक बंगाली. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळायचं नाही. कुणीतरी जुनं मशीन आणलं, फुटबॉलचा गेम लावला आणि शुक्रवारच्या सुट्टीला भाषेची गरज उरली नाही. खोलीत टीव्ही एकच. मॅच थांबवली की थांबवणाऱ्याचा हक्क गेला, दुसरे बातम्या लावून मोकळे. म्हणून मॅच थांबवायची नाही. पण मध्येच एखाद्याला घरून फोन यायचा. त्या काळी घरचा फोन म्हणजे केवढी गोष्ट! तो रिमोट खाटेवर टाकून व्हरांड्यात पळायचा. मग समोरच्याने काय करायचं? चेंडू आपल्याच अंगणात घोळवत राहायचं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. तो परत येऊन बसेपर्यंत गोल मारायचा नाही. कुणी बसवलेला हा नियम नव्हता, तो त्या खोलीत आपसूक रुजला आणि चाचांबरोबर रोह्याला आला.

“उठलेल्या मानसावर गोल नाय,” चाचा नव्या माणसाला पहिल्यांदा हे सांगत, मग बटणं शिकवत.

हा नियम मोडण्याची हिंमत एकदाच झाली, आणि ती मोऱ्यांनी केली. मोरे म्हणजे मी पहिल्या दिवशी पाहिलेला तो घामाघूम गृहस्थ. धाटावच्या एका रसायन कंपनीत ऑपरेटर. शिफ्ट सुटली की घरी जायच्या आधी चाचांकडे. बिचारे कित्येक महिने हरत होते. एका शुक्रवारी चाचा खेळत असताना इम्रानचा फोन आला. चाचा उठून ओट्यावर गेले. मोऱ्यांनी इकडे तिकडे बघितलं, माझ्याकडे बघून डोळा मारला आणि घातला गोल. चाचा परत आले. पडद्यावरचा आकडा त्यांनी बघितला. भिंतीकडे गेले आणि त्यांनी प्लगच उपटला.

“मॅच संपली. घरी जा, मोरे.”

“अवो चाचा, मस्करी केली...”

“मी पोराशी बोलत होतो,” चाचा म्हणाले. मी त्यांना एवढं चिडलेलं कधी पाहिलं नाही.

पुढच्या शुक्रवारी मोरे वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन दारात उभे. चाचांनी पिशवी घेतली, वास घेतला, खतीजाला हाक मारली, “काय गो, ऐकतेस? मोरेचा गुन्हा आलाय, शिजव.” प्रकरण मिटलं.

शुक्रवारची ती बैठक फार सुंदर होती, हे मी आता सरळच सांगून टाकतो. चाचा, मोरे, कोल्ड्रिंकचं दुकान चालवणारा सलीम आणि मी. मशीन तेव्हाच जुनं झालेलं. गेम सुरू व्हायला इतका वेळ लागायचा की पडद्यावर ते चाक गरगर फिरेपर्यंत चहा ओतून व्हायचा, सलीमच्या दुकानातला ताजा तंटा सांगून व्हायचा आणि मोऱ्यांच्या सुपरवायझरचा उद्धार करून व्हायचा. पावसाळ्यात चाचा ते मशीन शोकेसमध्ये ठेवून आत पिवळा बल्ब पेटता ठेवत, बुरशी येऊ नये म्हणून. खतीजा डबा ठेवता ठेवता टोमणा मारायची, “भाईजान, कोंबडीची पिल्लं उबवताय काय?”

मग नवं मशीन निघाल्याची बातमी आली. सलीमने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला आणि चाचांच्या मतांना ऊत आला. तसा मतांचा साठा त्यांच्याकडे पहिल्यापासून मुबलक होता.

सलीम म्हणाला, “चाचा, बघा. खेळाडूच्या अंगावरचा घाम दिसतोय.”

“घामच बघायचा तर मी मे महिन्यात आरशासमोर उभा राहीन. त्याला पैशे कशाला?”

“गेम झटक्यात चालू होतो. चाक फिरतच नाय.”

“मंग चहा कदी प्यायचा?”

चाचांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरून नीट बघितला. व्हिडिओत मशीनच्या खोक्यातून एकेक वस्तू बाहेर काढून दाखवत होते. “ह्यात रिमोट एकच हाय?” त्यांनी विचारलं.

“एकच येतो. दुसरा पायजे तर वेगळा घ्यायचा.”

“बघा,” चाचा माझ्याकडे वळून म्हणाले. “कंपनीवाल्यांना आधीच ठाव हाय, घरात एकच मानूस असनार.”

आम्ही हसलो. तेव्हा हसू येत होतं.

त्याच वर्षी, गणपतीच्या थोडं आधी, चाचा माझ्याबरोबर पेणला आले. माझ्या आईला भेटायचं होतं आणि त्याहून जास्त माझ्या मामाचा गणपतीचा कारखाना बघायचा होता. मामा रंगात माखलेला, कामाच्या घाईत, तरी त्याने चाचांना फिरवून दाखवलं. फळ्यांवर फळ्या गणपतींच्या. चाचा एकेकाचे डोळे निरखत होते.

“सगळे नवे?” त्यांनी विचारलं.

“दरवर्षी नवे,” मामा म्हणाला. त्याला मी चाचांच्या जुन्या मशीनचं सांगितलं होतं, त्यामुळे त्याने चिमटा काढला. “आमच्याकडे देवसुद्धा दरवर्षी नवा आणतात, चाचा. तुम्ही एका डब्याला कवटाळून बसलाय!”

मला वाटलं, चाचा सापडले. तेवढ्यात त्यांची नजर भिंतीला टेकवून ठेवलेल्या लाकडी पाटांवर गेली. कुणाचा रंग उडालेला, कुणाचा कोपरा झिजलेला, मागे खडूने आडनावं.

“हे पाट कुनाचे?”

“ज्याचे त्याचे. लोक आपापल्या घरचा पाट आणून देतात, त्यावरच मूर्ती बसवून नेतात. कित्येकांचे आजोबाच्या वेळचे आहेत.”

चाचांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. “म्हंजे देव नवा, पन पाट तोच!” त्यांनी मामाच्या रंगीत हातावर टाळी दिली. “हेच तर मी सलीमला सांगतोय. नवा डबा काडा, कोन नाय म्हनतोय? पन माजी जुनी डिस्क त्यात बसली पायजे. माजा जुना रिमोट चालला पायजे. मामा, तुमी त्या कंपनीत साहेब म्हनून जा.”

परतीच्या गाडीत नागोठणं गेलं, निडी गेलं, तरी ते पाटाबद्दलच बोलत होते. नवं घ्यावं की न घ्यावं यावर मी पुढे मोबाइलवर बरंच वाचलं, पण यापेक्षा शहाणं मत माझ्या वाचनात आलं नाही.

यानंतर मात्र बैठकीला गळती लागली. आधी सलीम दुकान भावाच्या हवाली करून कतारमध्ये दोह्याला गेला. मग मोरे निवृत्त झाले आणि पुण्याला मुलाकडे राहायला गेले. शुक्रवारी आम्ही दोघंच उरलो. त्यात मी इतका वाईट खेळतो की चाचांना जिंकायचाही कंटाळा यायचा. मोऱ्यांचा फोन यायचा, “चाचा, नातवाकडे नवं मशीन हाय. तुमी बी घ्या, मी हितून खेळतो, तुमी तितून खेळा.” सलीमही तेच म्हणायचा. सगळे नव्यावर गेले होते आणि जुन्या मशीनवरून नव्यावरच्या माणसाशी खेळता येत नव्हतं. चाचा फोनवर हो हो म्हणत. फोन ठेवला की माझ्याकडे बघत आणि विचारत, “सर, चार घरांत चार मानसं बसली, तर ते खेळनं की टेलिफोन?”

शेवटी इम्राननेच त्यांचा हट्ट मोडला. सुट्टीवर आला तो नवं मशीन घेऊनच. पांढरं, उंच, नाजूक.

“अब्बा, आता रोज खेळू आपण. मी तिकडून, तुम्ही इकडून. आवाज पण येतो.”

चाचांनी आपली जुनी डिस्क आणली आणि मशीनभोवती फिरवून फिरवून घालायची जागा शोधली. जागा नव्हतीच. या मॉडेलला डिस्क लागत नाही, सगळं इंटरनेटवरून येतं, असं इम्रान समजावत होता. जुना रिमोटही नव्या गेमशी जुळेना. “पाटाला जागाच ठेवली नाय,” चाचा माझ्या कानाशी पुटपुटले. पण मुलाला त्यांनी काही म्हटलं नाही. उलट मशीन शोकेसमध्ये मधोमध ठेवलं आणि जुनं खालच्या कप्प्यात गेलं. ‘रोज’ या शब्दाने त्यांना जिंकलं होतं. मला ते दिसत होतं, आणि मनातून वाटत होतं, होऊ दे, एवढं तरी होऊ दे.

पहिले काही आठवडे झालंही. कानांवर हेडफोन, त्यावरून टोपी, आणि चाचा ओरडतायत, “इम्रान, पास दे!” मागून नातवंडांचा गोंगाट ऐकू आला की ते मध्येच हेडफोन माझ्या कानाला लावत. “ऐका, धाकटी हसतेय.” त्या दिवसांत ते मेंदीही वेळेवर लावत.

मग तो शुक्रवार आला. मी कॉलेजातून येऊन नुकताच टेकलो होतो. मॅच रंगात होती. तिकडे एक पोर इतक्या मोठ्याने रडायला लागलं की हेडफोनमधून मलाही ऐकू आलं, आणि “अब्बा, एक मिनिट” म्हणून इम्रान उठला. चाचांनी सवयीने चेंडू मागे आणला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. स्वस्थपणे. “पोर पडलं वाटतं,” मला म्हणाले. एकाएकी पडदा बदलला. तुताऱ्या वाजल्या, कागदाचे रंगीत तुकडे उडाले आणि मोठ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर आला.

“काय म्हनतोय सर?”

मी वाचून सांगितलं. समोरचा खेळाडू बराच वेळ हलला नाही, म्हणून मशीनने त्याला बाहेर काढलं. तुम्ही जिंकलात.

“मी?”

“हो. तुम्हाला विजयी केलंय.”

चाचांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. “पोरगं रडतंय म्हनून उठला तो,” ते म्हणाले. “आनि मला जिंकवला?” पडद्यावर त्यांच्या संघाचे खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते. त्यांना ते बघवेना. ते उठून ओट्यावर जाऊन बसले, आणि मीही शेजारी जाऊन बसलो.

तरी ते खेळत राहिले. पण पुढे इम्रानची ड्यूटी बदलली, शुक्रवारची सुट्टी गेली. रोजचं आठवड्यावर आलं, आठवड्याचं ‘बघू अब्बा’वर. मोरे एकदा आले म्हणे ऑनलाइन, तर मध्येच नातवाने रिमोट मागितला. सलीमच्या आणि चाचांच्या वेळा जुळल्या नाहीत. मशीन तर कुणा अनोळखी माणसाशी गाठ घालून द्यायला एका पायावर तयार होतं. चाचांनी ते एकदाच करून बघितलं. “कोन होता काय म्हाईत,” मला म्हणाले. “सलाम केला तर शिवी दिली.”

त्यानंतरच्या जूनमध्ये मला पेणच्या कॉलेजात घेतलं. घरच्यांना आनंद झाला, मलाही झाला. चाचांनी सामान टेम्पोत चढवायला मदत केली आणि खोलीची किल्ली परत घेताना म्हणाले, “वरची खोली मी देत नाय कुनाला. शुक्रवारी कदी आलात तर.” मी अधूनमधून जायचो.

शेवटचा गेलो तोही शुक्रवारच. दुपार कलली होती. फोन करून गेलो नव्हतो. दार नेहमीसारखं उघडं, चपला मात्र एकाच माणसाच्या. आत टीव्हीचा आवाज, प्रेक्षकांचा तो कायमचा गलका. चाचा सोफ्यावर पाठमोरे. नवं मशीन शोकेसमध्ये होतं, त्यावर खतीजाने विणलेला रुमाल घातला होता. खाली जमिनीवर जुनं मशीन धापा टाकत चालू होतं.

मी दारातच थांबलो. पडद्यावर दोन माणसांची मॅच लावलेली होती. एक रिमोट चाचांच्या हातात. दुसरा त्यांच्या शेजारी, सोफ्यावर, सलीम बसायचा त्या जागी ठेवलेला. त्याचा दिवा पेटलेला. समोरच्या संघाचे खेळाडू मैदानात रेंगाळत होते. चाचांनी चेंडू एका पायातून दुसऱ्या पायात देत थेट गोलाच्या तोंडापर्यंत नेला. अडवायला कुणी नव्हतं. माझ्यासारख्यानेही घातला असता. चाचांनी चेंडू थांबवला, वळवला आणि परत आपल्या अंगणात आणला. मग पुन्हा. गोल दोन्हीकडे शून्य.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “कोण उठलंय, चाचा?”

ते दचकले नाहीत. वर बघितलंही नाही. “घरचा फोन आलाय त्याला,” ते म्हणाले. “येईल.”

मी चपला काढल्या, शेजारी जाऊन बसलो आणि तो रिमोट उचलला. मी नीट धरतोय न धरतोय तोच चाचांनी माझ्यावर गोल मारला. मग दुसरा. मग मीच एक माझ्याच गोलात घातला आणि चाचा ठसका लागेपर्यंत हसले. खतीजाने चहा पाठवला. इम्रान कसा आहे म्हणून मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. माझी गाडीची वेळ झाली तेव्हा मॅच अर्धी राहिली होती.

“चाचा, निघतो.”

“जा, जा. बंद नका करू, चालू दे.”

मी रिमोट होता तिथे ठेवला. बाहेर येऊन चपला घातल्या, फाटकाची कडी लावली. तिथून खिडकीतून त्यांचा लाल दाढीचा चेहरा दिसत होता आणि त्यामागे पडद्याचा एक कोपरा. चेंडू गोलापाशी जायचा आणि परत यायचा.

त्यानंतरच्या हिवाळ्यात चाचा गेले. मी पोचलो तोवर माती झाली होती. खतीजाने मला हॉलमध्ये बसवलं, पण माझं लक्ष लागेना. मला सारखा फाटकापाशी उभं राहून पाहिलेला तो चेंडू दिसत होता. त्या शुक्रवारी मी गाडी पकडून पेणला गेलो, जेवलो, झोपलोही असेन. इकडे ते आपल्याच अंगणात चेंडू घोळवत बसले असणार. उठलो मी होतो. त्यांनी माझ्यावर गोल मारला नसेल.